परजीवी पेशीत शिरतो तेव्हा रिसेप्टर नेमके काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा: परजीवी पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला (ज्याला बाहेरचा रेणू चिकटतो अशा प्रथिनाला) चिकटून आत शिरतात, असे पाठ्यपुस्तकात असते. मग तो रिसेप्टर अडवला की संसर्ग थांबायला हवा. तसे सहसा का होत नाही? आणि एखादे प्रथिन खरोखर परजीवीचा रिसेप्टर आहे, हे प्रयोगशाळेत ठरवतात कसे?

आधी एक गल्लत दूर करू. चिकटणे वेगळे आणि शिरणे वेगळे. विषाणूला स्वतःची हालचाल नसते. तो रिसेप्टरला चिकटला की पुढचे बरेचसे काम यजमान पेशीच करून टाकते. मलेरियाचा परजीवी मात्र स्वतःच एक पूर्ण पेशी आहे. त्याच्याकडे अ‍ॅक्टिन-मायोसिनचे इंजिन आहे, पुढच्या टोकाला प्रथिनांनी भरलेल्या पिशव्या आहेत, आणि त्या केव्हा रिकाम्या करायच्या हे तो बाहेरून मिळणाऱ्या खुणांवरून ठरवतो. त्याचा शिरकाव पायऱ्यापायऱ्यांनी होतो आणि पायरीगणिक रिसेप्टर बदलतो. म्हणून एखाद्या रिसेप्टरचे नाव वाचले की पहिला प्रश्न हाच विचारावा: हा लागतो कोणत्या पायरीवर?

प्लाझमोडियम फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचा मेरोझोइट, म्हणजे तांबड्या पेशीत शिरणारी त्याची अवस्था, घेऊ, कारण त्याच्या पायऱ्या सर्वांत नीट उलगडल्या आहेत. मेरोझोइट जेमतेम १ ते २ मायक्रोमीटरचा, तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची. पहिला स्पर्श कुठल्याही बाजूने होतो. तेव्हाची पकड सैल असते, पुन्हा सुटू शकते. हेपॅरिन ही सल्फेट असलेली शर्करा घातली तर शिरकाव इथेच अडतो. मग मायक्रोनीम नावाच्या पिशव्यांमधून आणि ऱ्हॉप्ट्री या दुसऱ्या प्रकारच्या पिशव्यांच्या मानेतून काही प्रथिने पृष्ठभागावर येतात. त्यांची दोन कुटुंबे: ईबीए आणि आरएच. ईबीए-१७५ ग्लायकोफोरिन-ए ला धरते, ईबीए-१४० ग्लायकोफोरिन-सी ला, ईबीएल-१ ग्लायकोफोरिन-बी ला, आणि आरएच-४ कॉम्प्लिमेंट रिसेप्टर-१ ला. ही पकड बसली की तांबड्या पेशीचे पटल परजीवीभोवती लाटेसारखे उचलले जाते आणि परजीवी आपले टोक पटलाकडे वळवतो.

त्यानंतर परजीवीचे आरएच-५ तांबड्या पेशीवरच्या बॅसिजिन या प्रथिनाला धरते. नेमक्या या क्षणी दोन पेशींच्या स्पर्शबिंदूवर कॅल्शियमची चमक दिसते. लगेच ऱ्हॉप्ट्री रिकाम्या होतात आणि शिरकावातली सर्वांत विलक्षण गोष्ट घडते: परजीवी आरओएन-२ हे स्वतःचेच प्रथिन यजमानाच्या पटलात रोवतो आणि आपल्या पृष्ठभागावरच्या एएमए-१ ने ते धरतो. म्हणजे सर्वांत घट्ट पकडीचा रिसेप्टर तो बरोबर घेऊनच येतो. या दोघांभोवती कड्यासारखा सांधा तयार होतो, परजीवीचे इंजिन त्या कड्यातून शरीर पुढे ढकलते, आणि कडे टोकापासून शेपटीकडे सरकत जाते. प्रत्यक्ष आत जायला १० ते २० सेकंद पुरतात. पहिल्या स्पर्शापासून धरले तरी सारे साधारण अर्ध्या मिनिटात उरकते. पुढे तांबडी पेशी काही मिनिटे आक्रसून काटेरी होते आणि पुन्हा सावरते.

या पायऱ्या वेगळ्या करता येतात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. ईबीए आणि आरएच-४ यांची पकड रोखली की पटलाची लाट कमी होते. आरएच-५ आणि बॅसिजिन यांची जोडी तोडली तर लाट उठते, पण कॅल्शियमची चमक दिसत नाही आणि पेशी काटेरी होत नाही. एएमए-१ आणि आरओएन-२ यांच्यामध्ये आर-१ हे पेप्टाइड घातले तर चमक दिसते, पेशी काटेरी होते, पण परजीवी दारातच राहतो. सायटोकॅलॅसिन-डी ने इंजिन बंद पाडले तरी सांधा जुळतो, फक्त आत सरकणे होत नाही. चौघांचाही शेवट एकच, शिरकाव शून्य. केवळ रिंग, म्हणजे नुकत्याच आत शिरलेल्या परजीवीची अंगठीसारखी अवस्था, मोजणाऱ्याला हे चार निकाल सारखेच दिसतील. जिवंत पेशींचे चलच्चित्रण केल्याशिवाय रिसेप्टरची पायरी कळत नाही, यावर जितका भर द्यावा तितका थोडाच.

याचे जुने आणि अजूनही सर्वांत सुंदर उदाहरण डफी प्रतिजनाचे, म्हणजे तांबड्या पेशीवरच्या एका रक्तगटाच्या प्रथिनाचे. ज्यांच्या तांबड्या पेशींवर ते नसते ते डफी-निगेटिव्ह. १९७५ साली लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डफी-निगेटिव्ह मानवी तांबड्या पेशींत प्लाझमोडियम नोलेसी हा माकडांच्या मलेरियाचा परजीवी शिरू शकत नाही. पुढच्याच वर्षी माणसाच्या मलेरियाचा दुसरा परजीवी प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स याच्याबाबतही डफी-निगेटिव्ह व्यक्तींची प्रतिकारशक्ती दिसून आली. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर नोलेसीचा मेरोझोइट डफी-निगेटिव्ह पेशीलाही चिकटत होता, टोकही वळवत होता. मात्र घट्ट सांधा बनत नव्हता, मधे फक्त बारीक तंतू दिसत. डफी प्रतिजन चिकटण्यासाठी लागतच नव्हते, सांध्यासाठी लागत होते. नुसते चिकटणे मोजले असते तर हा शोध हातचा गेला असता.

डफी-निगेटिव्ह असण्याचे कारणही पाहण्यासारखे आहे. प्रथिनाचा साचा शाबूत असतो. बिघाड असतो जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात, जिथे गाटा-१ हे प्रथिन बसते तिथे एका अक्षराचा. १९९५ मध्ये हे उलगडले. गाटा-१ चे काम तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींत असल्यामुळे तेवढ्याच पेशींतून डफी प्रतिजन नाहीसे होते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते टिकून असते. ‘या व्यक्तीत हा रिसेप्टर नाही’ असे वाक्य वाचले की कोणत्या पेशीत नाही, हे विचारायचे ते यासाठी. आणि नियमाला अपवादही आहेत: मादागास्करमध्ये डफी-निगेटिव्ह लोकांनाही व्हायव्हॅक्सचा हिवताप झाल्याचे २०१० मध्ये सिद्ध झाले.

व्हायव्हॅक्सला आणखी एक रिसेप्टर लागतो: ट्रान्सफेरिन रिसेप्टर-१. त्याला परजीवीचे आरबीपी-२बी हे प्रथिन धरते, हे २०१८ साली कळले. तांबडी पेशी परिपक्व होताना हा रिसेप्टर गमावते. त्यामुळे व्हायव्हॅक्सला कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइटच, चालतात आणि रक्तातले त्याचे प्रमाण क्वचितच २ टक्क्यांपुढे जाते. रिसेप्टर इथे दार उघडण्याबरोबर पेशीचे वयही सांगतो.

आता ‘एक रिसेप्टर अडवला तर’ या प्रश्नाकडे. फाल्सिपेरमकडे ईबीए आणि आरएच यांच्या अनेक पर्यायी जोड्या आहेत. तांबड्या पेशींवरच्या शर्करांच्या टोकाचे सियालिक आम्ल न्यूरामिनिडेझ या विकराने काढून टाकले की डीडी-२ वाणाचा शिरकाव बहुतांश थांबतो, कारण तो ग्लायकोफोरिनवरच्या सियालिक आम्लावर अवलंबून असतो. ३डी७ वाणाला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डीडी-२ किंवा त्याचा पूर्वज डब्ल्यू-२ मेफ अशाच पेशींवर काही आठवडे वाढवला तर आरएच-४ चे जनुक चालू झालेले परजीवी वर येतात आणि कॉम्प्लिमेंट रिसेप्टर-१ च्या वाटेने शिरू लागतात. नवे उत्परिवर्तन लागत नाही. बंद असलेले जनुक उघडले की झाले.

आरएच-५ ची गोष्ट वेगळी. आजवर तपासलेल्या सर्व वाणांना ते लागते आणि त्याचे जनुक काढून टाकलेला परजीवी रक्तात वाढवता आलेला नाही. २०११ मध्ये बॅसिजिन हा त्याचा रिसेप्टर असल्याचे जाहीर झाले, तेव्हा या क्षेत्राची दिशाच बदलली. पर्यायी वाटा लाट आणि टोक वळवण्याच्या पायरीवर आहेत. त्यानंतरच्या पायरीवर वाट एकच. पायरी विचारायची ती या कारणासाठी: पर्याय नेमके कुठे संपतात ते तिथे कळते.

सगळे परजीवी मात्र एकाच पद्धतीने घुसत नाहीत. टोक्सोप्लाझ्मा मलेरियाच्या परजीवीचा नातलग. तोही एएमए-१ आणि आरओएन-२ चे कडे वापरतो, पण उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या जवळपास कोणत्याही केंद्रकयुक्त पेशीत शिरतो. त्याचे पहिले चिकटणे सियालिक आम्ल आणि हेपॅरान सल्फेट अशा सर्वत्र आढळणाऱ्या शर्करांशी असते, त्यामुळे त्याच्यासाठी ‘एकमेव रिसेप्टर’ शोधत बसण्यात वेळ दवडू नये. तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास आत जातो; मॅक्रोफेज या भक्षक पेशीने त्याला गिळले तर २ ते ४ मिनिटे लागतात. वेळ मोजली तरी कोणती वाट होती ते कळते.

काळा आजार घडवणाऱ्या लेशमॅनियाची चाल अगदी उलटी. तो शिरतच नाही, स्वतःला गिळवून घेतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जीपी-६३ हे विकर कॉम्प्लिमेंटच्या (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीतल्या) सी-३बी ला कापून आयसी-३बी बनवते. त्यामुळे पटलाला भोक पाडणारी पुढची साखळी खुंटते, आणि आयसी-३बी ला मॅक्रोफेजचा कॉम्प्लिमेंट रिसेप्टर-३ धरतो. या रिसेप्टरमधून आत गेल्यास मॅक्रोफेज मारक ऑक्सिजन-रेणू फारसे सोडत नाही. इथे प्रयोगात हमखास चूक होते: रक्तजल ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून वापरले की कॉम्प्लिमेंट निष्क्रिय होते, आणि मग मॅक्रोफेजवरचा दुसरा, मॅनोज रिसेप्टरच सर्वांत महत्त्वाचा असल्यासारखे दिसते. ताजे रक्तजल आणि तापवलेले रक्तजल, दोन्ही शेजारी शेजारी लावावेत. परजीवीही वाढ थांबलेल्या टप्प्यातले, संसर्गक्षम असावेत. वेगाने वाढणारे प्रोमॅस्टिगोट (लेशमॅनियाची शेपटीवाली अवस्था) आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेले जुने वाण भलतेच उत्तर देतात.

ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा चागास रोगाचा परजीवी आणखी निराळा. त्याला स्वतः सियालिक आम्ल बनवता येत नाही, म्हणून ट्रान्स-सियालिडेझने तो यजमानाचे आम्ल उचलून स्वतःवर बसवतो. त्याच्या धडपडीने पेशीच्या पटलाला बारीक जखमा होतात. पेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर लायसोसोम पटलाशी आणून जखम बुजवते, आणि त्या दुरुस्तीतच पटल आत खेचले जाते. परजीवी त्याच्याबरोबर आत जातो. त्याने इथे वापरली ती यजमानाची दुरुस्तीची यंत्रणा, आणि ‘रिसेप्टर कोणता’ या प्रश्नाला एका प्रथिनाचे नाव हे उत्तर पुरत नाही.

यकृतातही असेच. डासाने सोडलेला स्पोरोझोइट आपल्या सीएसपी प्रथिनाने दाट सल्फेट असलेले हेपॅरान ओळखतो आणि पेशी भेदत पुढे जाण्याऐवजी तिथे थांबून शिरायचे, हे ठरवतो. फाल्सिपेरमला यकृतपेशीवर सीडी-८१ लागते, व्हायव्हॅक्सला एसआर-बी१. पण सीडी-८१ ला थेट धरणारे परजीवीचे प्रथिन हाती लागलेले नाही. ‘लागतो’ आणि ‘त्याला चिकटतो’ ही दोन विधाने वेगळ्या पुराव्यांवर उभी असतात.

आणखी एक सरमिसळ वारंवार होते. संसर्ग झालेल्या तांबड्या पेशीवर परजीवी पीएफईएमपी-१ हे प्रथिन उभे करतो. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील ईपीसीआर, आयकॅम-१, सीडी-३६ यांना किंवा वारेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-ए ला चिकटते. गंभीर मलेरिया आणि गरोदरपणातला मलेरिया समजून घ्यायला हे अत्यंत महत्त्वाचे आहे, पण यात कुठलाही परजीवी कुठल्याही पेशीत शिरत नाही. चर्चा कोणत्या रिसेप्टरची चालली आहे, हे आधी स्पष्ट करावे.

आता प्रयोगशाळेकडे. फाल्सिपेरमसाठी पहिली चाळणी विकरांची असते. न्यूरामिनिडेझ सियालिक आम्ल काढते. ट्रिप्सिन ग्लायकोफोरिन-ए, ग्लायकोफोरिन-सी आणि कॉम्प्लिमेंट रिसेप्टर-१ कापते, ग्लायकोफोरिन-बी सोडून देते. कायमोट्रिप्सिन ग्लायकोफोरिन-बी आणि डफी प्रतिजन कापते, ग्लायकोफोरिन-ए सोडते. शिरकाव न्यूरामिनिडेझने घटला, ट्रिप्सिनने घटला, पण कायमोट्रिप्सिनने घटला नाही, तर संशय ग्लायकोफोरिन-ए किंवा सी वर. न्यूरामिनिडेझचा परिणाम नाही पण ट्रिप्सिनचा आहे, तर आरएच-४ च्या वाटेवर.

कृती सोपी वाटते, पण गफलती पुष्कळ होतात. धुतलेल्या तांबड्या पेशींवर प्रति मिलिलिटर सुमारे ६७ मिलियुनिट न्यूरामिनिडेझ, किंवा प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम ट्रिप्सिन वा कायमोट्रिप्सिन, ३७ अंश सेल्सिअसला १ तास ठेवतात. ट्रिप्सिन धुऊन काढल्यावर सोयाबीनचा ट्रिप्सिनरोधक प्रति मिलिलिटर ०.५ मिलिग्रॅम घालून १० मिनिटे थांबावे आणि पुन्हा ३ वेळा धुवावे. ही पायरी वगळली तर उरलेले ट्रिप्सिन मेरोझोइटची स्वतःची प्रथिने कापते आणि दोष रिसेप्टरच्या माथी येतो. विकराशिवाय, पण तितकाच वेळ तसेच ठेवून तितक्याच वेळा धुतलेल्या पेशी तुलनेला हव्यातच. विकराने काम केले की नाही, तेही तपासावे: सियालिक आम्ल निघाल्यावर शेंगदाण्याचे लेक्टिन पेशीला चिकटू लागते, ते फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर दिसते. माणसाचे रक्तजल वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: सियालिक आम्ल गेल्यावर टी प्रतिजन उघडे पडते, रक्तजलातले प्रतिपिंड त्याला धरतात आणि पेशींच्या गुठळ्या होतात. अशा वेळी रक्तजलाऐवजी ०.५ टक्के अल्ब्युमॅक्स हा रक्तजलाचा पर्याय वापरावा.

दुसरी खोच परजीवी कुठल्या पेशीत शिरला हे ओळखण्याची. शायझोंट, म्हणजे मेरोझोइटांनी भरलेली, फुटण्याच्या बेतातली अवस्था, ज्या पेशींसोबत येतात, त्यांतल्या संसर्ग नसलेल्या पेशींवर विकराचा प्रयोग झालेला नसतो, आणि परजीवी तिकडेच पळतो. यावर उपाय दोन. शायझोंट चुंबकीय स्तंभावर किंवा पर्कोल या घनतेने पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर शुद्ध करून घ्यावेत, आणि लक्ष्य पेशींना आधी डीडीएओ-एसई सारखा लाल रंग देऊन परजीवीचा डीएनए साइबर ग्रीनने रंगवावा. दोन्ही रंग दिसणाऱ्या पेशीच मोजाव्यात. हिमॅटोक्रिट (द्रवातले तांबड्या पेशींचे प्रमाण) २ टक्के, सुरुवातीला १ टक्क्याच्या आसपास शायझोंट, आणि २० ते २४ तासांनी रिंगची मोजणी, असा साधा बेत पुरतो. रक्त ३ आठवड्यांपेक्षा जुने नको आणि किमान ३ वेगळ्या दात्यांचे हवे. दात्यागणिक फरक इतका पडतो की एकाच दात्यावरून काढलेला निष्कर्ष छापायच्या लायकीचा नसतो.

प्रतिपिंडाने रोखणे ही पुढची पायरी, आणि सर्वांत फसवी. बाजारच्या प्रतिपिंडांच्या कुप्यांत टिकाऊपणासाठी सोडियम अ‍ॅझाइड असते. ते परजीवीला मारते. डायलिसिस करून ते काढलेच पाहिजे. शिवाय ग्लायकोफोरिन-ए ला प्रतिपिंड चिकटला की तांबड्या पेशीचे पटलच ताठ होते, आणि ताठ पटलात कोणत्याही वाटेने शिरणे अवघड जाते. डँटू या रक्तगटाने नेमके हेच शिकवले: त्या पेशींमध्ये पटलाचा ताण जास्त असतो आणि शिरकाव त्यामुळे घटतो. म्हणून दोन हात असलेल्या पूर्ण प्रतिपिंडासोबत एका हाताचा फॅब तुकडाही वापरावा. फॅबने अडत नसेल आणि पूर्ण प्रतिपिंडाने अडत असेल, तर पकड तुटल्याचा दावा करू नये.

थेट बंधन मोजताना अडचण वेगळी. या जोड्या सैल असतात. आरएच-५ आणि एकट्या बॅसिजिनचा वियोग-स्थिरांक (जितका मोठा, तितकी पकड सैल) साधारण १ मायक्रोमोलर आहे. नेहमीच्या पद्धतीत धुताना अशी जोडी सुटते आणि ‘बंधन नाही’ असा निकाल निघतो. बॅसिजिन सापडले ते एकेका प्रथिनाच्या पाच-पाच प्रती एकत्र बांधून एकूण पकड वाढवल्यामुळे. पुढे दिसले की पटलात बॅसिजिन एकटे नसते. पीएमसीए किंवा एमसीटी-१ या पटलातल्या वाहक प्रथिनांसोबत असते, आणि या जोड्यांना आरएच-५ जास्त घट्ट धरते. विद्राव्य तुकड्यावरचे आकडे पटलावर जसेच्या तसे लागू होत नाहीत. परजीवीची प्रथिने मानवी पेशीत बनवताना आणखी एक काळजी घ्यावी: त्या पेशी परजीवीत नसलेल्या शर्करा प्रथिनाला जोडतात आणि बंधनाची जागा झाकली जाऊ शकते, म्हणून त्या जोडणीच्या जागा आधीच बदलून घ्याव्यात.

खरा पुरावा जनुकाचा. परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे तिच्यात जनुक कापता येत नाही. कापायचे ते तिच्या पूर्वज पेशीत. मूळपेशींपासून तांबड्या पेशी बनवून २०१५ मध्ये सीडी-५५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची गरज उघड झाली. आता बेल-ए सारख्या अमर पेशीवाणातून बॅसिजिन काढले की फाल्सिपेरम शिरत नाही, आणि बॅसिजिन परत घातले की शिरतो. हे ‘परत घातले की’ सर्वांत मोलाचे. ते नसेल तर जनुक काढताना पेशीची घडणच बिघडली होती की काय, ही शंका राहते.

आता पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर. यजमानाचा रिसेप्टर औषधाने झाकणे क्वचितच परवडते. बॅसिजिन शरीरात अनेक ऊतींमध्ये काम करते. म्हणून लस रोखते ती परजीवीच्या प्रथिनाला. व्हायव्हॅक्ससाठी डफीला धरणाऱ्या प्रथिनाचा दुसरा भाग आणि फाल्सिपेरमसाठी आरएच-५ यांच्या लसी माणसांत तपासल्या गेल्या आहेत. बुर्किना फासोमध्ये ५ ते १७ महिन्यांच्या मुलांमध्ये आरएच-५ ची लस तिसरा डोस लांबवून दिली, तेव्हा ६ महिन्यांत सुमारे ५५ टक्के संरक्षण मिळाले. रक्तातल्या अवस्थेवरच्या लसीसाठी ही मनापासून आशा वाटावी अशी गोष्ट आहे. अडचण वेळेची आहे. आरएच-५ ऐन वेळी पृष्ठभागावर येते, तेही काही सेकंदांपुरते, त्यामुळे प्रतिपिंडाला तेवढ्यातच त्याला गाठावे लागते. म्हणूनच प्रतिपिंड किती घट्ट धरतो यापेक्षा तो किती लवकर चिकटतो, यावर परिणाम जास्त ठरतो. शिरकाव न रोखणारे पण त्याला काही सेकंद लांबवणारे प्रतिपिंडही सोबत असले, तर रोखणाऱ्या प्रतिपिंडांना वेळ मिळतो आणि एकूण परिणाम वाढतो. लसीसाठी प्रतिपिंड निवडताना केवळ घट्टपणाची यादी लावून वरचे दोन उचलणाऱ्यांनी चिकटण्याचा वेगही मोजावा.